सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा परतावा कसा मोजावा: यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी एक कार्यपद्धती

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत विशेष कामाची यंत्रे, म्हणजेच एसपीएम, बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात यांत्रिक रचना, हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, विद्युत पॅनेल, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचा) प्रोग्रॅम आणि ग्राहकाच्या लाइनवरची जोडणी ही सगळी कामे एकाच यंत्रात येऊन मिळतात. ग्राहकाची गरज नेमकी लिहून घेणे, ती या विभागांत वाटून देणे, दोन विभाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे काय ठरले आहे ते नोंदवणे आणि यंत्र उभे राहण्याआधीच त्याची चाचणी कशी होणार हे निश्चित करणे, या कामाला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला की काही महिन्यांतच मालक विचारतात, "हे साहेब दिवसभर तक्ते भरतात, त्यातून कारखान्याला काय मिळाले?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रुपयांत देता आले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. "समन्वय वाढला", "गुणवत्ता सुधारली" अशी उत्तरे ऑर्डर भरपूर असेपर्यंत चालून जातात. मंदीचा पहिला फटका बसला की सर्वांत आधी हेच पद रद्द होते आणि मागून काय गमावले ते कोणालाच मोजता येत नाही.

अडचण अशी की या कामाचा परतावा मुख्यतः न झालेल्या नुकसानीच्या रूपाने मिळतो. शेताची बांधबंदिस्ती करणाऱ्या शेतकऱ्याला वाहून न गेलेली माती तराजूत घालून दाखवता येत नाही. शेजारच्या, बांध नसलेल्या रानात किती माती गेली हे मात्र दाखवता येते. आपल्यालाही तेच करायचे आहे. पूर्वीच्या कामांत किती नुकसान होत होते, आता किती होते, आणि जे कमी झाले त्यातले किती खरोखर या कामामुळे कमी झाले, एवढे तीन आकडे प्रामाणिकपणे उभे केले की परताव्याचा हिशेब मांडता येतो. पहिले दोन आकडे कष्टाने मिळतात. तिसऱ्यासाठी मात्र सुरुवातीपासून एक विशिष्ट नोंदवही ठेवावी लागते.

खर्चाची बाजू आधी

परताव्याच्या घाईत बहुतेक ठिकाणी खर्च नीट मोजलाच जात नाही. नेमलेल्या अभियंत्याचा पगार म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा खर्च, असे समजणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. डिझाइन प्रमुख ग्राहकाशी फोनवर तासभर बोलून जॉबची बसण्याची दिशा पक्की करतात, तेव्हा ते हेच काम करत असतात. आणि नेमलेला अभियंता महिन्यातले काही दिवस खरेदी विभागाचा पाठपुरावा करत असेल, तर तो वेळ या खात्यात धरता येत नाही. म्हणून खर्च पदावर न धरता कामाच्या तासांवर धरावा.

तासांच्या विभागणीसाठी या विषयावर मोठा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते एरिक ऑनर यांनी वापरलेले आठ गट चांगले उपयोगी पडतात: उद्दिष्ट ठरवणे, गरजांची नोंद व व्यवस्थापन, प्रणालीची रचना, भागांची एकत्र जोडणी, पडताळणी आणि ग्राहकाच्या वापरातील प्रमाणीकरण, तांत्रिक विश्लेषण, कामाच्या व्याप्तीवर नियंत्रण, आणि तांत्रिक नेतृत्व. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात आठ कोड पाळणे जड जाते, त्यामुळे सुरुवातीला चारच ठेवावेत: गरजा, रचना व इंटरफेस (म्हणजे दोन भाग किंवा विभाग एकमेकांना भिडतात ती जागा), जोडणी व चाचणी, आणि समन्वय. टाइमशीट आठवड्याच्या शेवटी आठवून भरली तर तिचा उपयोग फारसा राहत नाही. रोज संध्याकाळी दोन मिनिटांत भरून घ्यावी.

तासाचा दर काढताना हातात पडणाऱ्या पगाराबरोबर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि जागा-संगणकाचा वाटा धरावा. प्रशिक्षण आणि सॉफ्टवेअरचे परवाने त्यात मिळवावेत. नेहमी सुटणारी बाब म्हणजे या कामामुळे सुरुवातीला होणारा उशीर: गरजांचा कागद ग्राहकाच्या सहीसाठी दहा दिवस अडकला आणि तेवढे दिवस डिझाइनची माणसे रिकामी बसली, तर तोही खर्च या खात्यावरच टाकला पाहिजे. आपल्या बाजूचा खर्च लपवून दाखवलेला परतावा हिशेबनीस पहिल्याच बैठकीत खोडून काढतात.

यंत्र किती मोठे, हे ठरवण्याचे माप

गेल्या वर्षीचे साधे ड्रिलिंग एसपीएम आणि या वर्षीची सहा स्टेशनांची असेंब्ली लाइन यांच्या रिवर्कची, म्हणजे चूक दुरुस्त करण्यासाठी पुन्हा कराव्या लागलेल्या कामाची, थेट तुलना करता येत नाही. किंमत हे माप म्हणून मोहात पाडते, पण किमतीत पोलादाचा आणि आयात सर्व्होचा भाव मिसळलेला असतो. त्यापेक्षा रिकार्डो व्हॅलेर्डी यांनी २००५ साली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात मांडलेल्या कोसिस्मो या प्रतिमानाचा आधार घ्यावा. त्यात प्रणालीचा आकार चार गोष्टींच्या मोजणीवरून ठरतो: गरजा, इंटरफेस, अल्गोरिदम (यंत्राने करायची आकडेमोड किंवा निर्णयाची रीत) आणि कार्यप्रसंग (यंत्र ज्या वेगवेगळ्या परिस्थितींत चालवले जाते त्या). मध्यम अवघडपणाच्या एका गरजेला १ एकक धरले, तर मध्यम इंटरफेसला २.८, मध्यम अल्गोरिदमला ४.१ आणि मध्यम कार्यप्रसंगाला १४.४ एकके धरली जातात. सोप्या आणि अवघड बाबींसाठी वेगळी वजने आहेत, पण छोट्या कारखान्याने पहिल्या वर्षी मध्यमावर भागवले तरी चालते.

समजा एका यंत्रात ४० गरजा, ८ इंटरफेस, २ अल्गोरिदम आणि २ कार्यप्रसंग आहेत. मग ४० अधिक २२.४ अधिक ८.२ अधिक २८.८ मिळून ९९.४, म्हणजे साधारण १०० एकके झाली. मोजताना गरज म्हणजे स्वतंत्रपणे तपासता येणारे एक विधान असा एकच नियम ठेवावा. "सायकल टाइम ४५ सेकंदांच्या आत" ही एक गरज. "यंत्र मजबूत असावे" ही गरजच नव्हे. कार्यप्रसंगांत नेहमीच्या उत्पादनाबरोबर जॉब बदलण्याची प्रक्रिया आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र पुन्हा सुरू करण्याची प्रक्रिया विसरू नये, कारण आपल्याकडे घोटाळे नेमके तिथेच होतात. मोजणी एकाच माणसाने, जुन्या व नव्या सर्व यंत्रांसाठी, एकाच बैठकीत ठरवलेल्या नियमांनी करावी. माप थोडे ओबडधोबड असले तरी चालते, ते मध्येच बदललेले मात्र चालत नाही.

जुन्या यंत्रांचे नुकसान उकरून काढणे

"आमच्याकडे जुन्या रिवर्कची नोंद नाही" ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. रिवर्क म्हणून नोंद नसते, पण पैसा गेला की त्याचा कुठेतरी कागद झालेला असतोच. मागील चार-पाच यंत्रे निवडावीत आणि प्रत्येकासाठी ड्रॉइंग उत्पादनाला सोडल्याची तारीख पक्की करावी. त्या तारखेनंतर स्टोअरमधून त्या यंत्राच्या नावावर पुन्हा निघालेले साहित्य, त्याच ड्रॉइंग नंबरवर दुसऱ्यांदा लेसर कटिंगला किंवा मशिनिंगला गेलेले काम, बाहेर गेलेल्या गेटपासवरचे "दुरुस्तीसाठी" असे शेरे, पाठवणीच्या आधीच्या आठवड्यांतला ओव्हरटाइम, डिस्पॅचनंतरची प्रवास-मुक्कामाची व्हाउचर्स, ग्राहकाच्या डेबिट नोटा आणि उशिरापोटी कापलेली रक्कम, हे सर्व एका तक्त्यात आणावे. हे काम एकट्या अभियंत्याने करू नये. लेखा विभागातील माणूस आणि स्टोअरकीपर यांना सोबत बसवावे, कारण कोणती स्लिप नेहमीच्या वापराची आणि कोणती चुकीची भरपाई करणारी, हे स्टोअरकीपरच्या बऱ्याचदा तोंडपाठ असते.

उशिराची किंमत वेगळी काढावी. बऱ्याच खरेदी आदेशांत दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के अशी दंडाची अट असते. ती लावली गेली असेल तर आकडा तयारच मिळतो. दंड लागला नसला, तरी अडकलेल्या पैशाचे व्याज लागतेच. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाला देय रक्कम मिळण्याची कमाल ४५ दिवसांची मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजली जाते, आणि ग्राहकाने मुदतीत लेखी हरकत घेतली तर ती हरकत दूर झाल्यावरच स्वीकृती धरली जाते. म्हणजे इंटरफेसच्या एका चुकीमुळे ग्राहकाने लेखी आक्षेप नोंदवला, की कायद्याने दिलेले संरक्षणही तेवढेच पुढे ढकलले जाते. कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या कारखान्यासाठी हे व्याज खरा खर्च आहे आणि ते रिवर्कच्या खात्यातच आले पाहिजे.

साखर कारखान्यांसाठी उपकरणे पुरवणाऱ्यांनी इथे आणखी सावध राहावे. गळीत हंगामाच्या तोंडावर राहिलेला दोष आणि हंगाम संपल्यावर सापडलेला तोच दोष, यांची किंमत एकसारखी नसते. त्यामुळे सरासरी दराने उशीर मोजण्याऐवजी तो कोणत्या महिन्यात झाला तेही लिहावे.

चुकीची वही

आता त्या नोंदवहीविषयी, जिच्याशिवाय बाकीच्या आकडेमोडीला अर्थ नाही. नव्या यंत्रांवर प्रत्येक रिवर्कची नोंद करताना इतर तपशिलांबरोबर दोन रकाने हवेतच हवेत: चूक कोणत्या टप्प्यावर जन्मली आणि कोणत्या टप्प्यावर सापडली. टप्पे थोडके ठेवावेत: गरजा, रचना, तपशीलवार डिझाइन, उत्पादन व खरेदी, कारखान्यातील जोडणी, ग्राहकाच्या साइटवरचे कमिशनिंग (यंत्र बसवून चालू करून देणे), वॉरंटी.

एक नमुना नोंद जवळून पाहू. यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. यंत्र ॲल्युमिनियम कास्टिंगची गळती तपासणारे आहे. कारखान्यात ट्रायल उत्तम झाली, पण ग्राहकाच्या शेडमध्ये दुपारच्या पाळीत चांगले जॉबही नापास होऊ लागले. शोध घेतल्यावर दिसले की एअर लाइनचा दाब सकाळी सहा बार असतो, मात्र शेजारचे शॉट ब्लास्टिंग यंत्र सुरू झाले की तो साडेचार बारवर उतरतो. त्यामुळे क्लॅम्पिंगचा सिलिंडर पुरेसा जोर धरत नाही आणि सीलखालून हवा निसटते. चूक सापडली कमिशनिंगला. जन्मली मात्र गरजांच्या टप्प्यावर, कारण कागदावर "हवेचा दाब सहा बार" एवढेच लिहिले होते. किमान दाब किती आणि कोणत्या वेळी, हे विचारलेच नव्हते.

खर्च असा. बूस्टर आणि रिसीव्हर टाकी ९५,००० रुपये. प्रवास व मुक्काम २२,००० रुपये. १२० मनुष्यतास, तासाला ४५० रुपये दराने, ५४,००० रुपये. अडकलेल्या २४ लाखांवर वार्षिक १२ टक्के दराने एका महिन्याचे व्याज २४,००० रुपये. एकूण १,९५,००० रुपये. हीच गोष्ट गरजा घेताना पकडली असती, तर दोन्ही पाळ्यांत दाब नोंदवायला १२ तास, म्हणजे ५,४०० रुपये, आणि मोठ्या सिलिंडरच्या किमतीतला फरक १४,००० रुपये, मिळून १९,४०० रुपये लागले असते. साधारण दहापट फरक.

ही दहापट आपल्या स्वतःच्या नोंदीतून आलेली असते, म्हणून मोलाची आहे. पुस्तकांतून "वितरणानंतर चूक दुरुस्त करणे शंभरपट महाग पडते" हे वाक्य वारंवार येते. बॅरी बोएम आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००१ साली सॉफ्टवेअरबद्दल तो आकडा मांडताना लहान आणि कमी जोखमीच्या प्रणालींसाठी हे प्रमाण पाचास एकच्या आसपास असते, हेही नोंदवले होते. दुसरा भाग उद्धृत करायचे राहून जाते. पन्नास-साठ नोंदी जमल्या की प्रत्येक टप्प्याच्या जोडीसाठी आपले स्वतःचे प्रमाण काढता येते, आणि तेच वापरावे.

वही जिवंत राहण्यासाठी एक पथ्य आवश्यक आहे: चुकीपुढे माणसाचे नाव लिहू नये. ज्या दिवशी या वहीवरून कोणाची वेतनवाढ थांबेल, त्या दिवसापासून तिच्यात किरकोळ नोंदीच येऊ लागतील. नोंद साइटवरच्या फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला सोप्या मराठीत करता आली पाहिजे. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो आणि दोन ओळी पाठवाव्यात, टप्पा कोणता हे आठवड्याच्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे. टप्प्याबद्दल वाद होतात. होऊ द्यावेत, कारण "ही डिझाइनची चूक की गरजेची" या वादातूनच पुढच्या यंत्राच्या प्रश्नावलीत नवा प्रश्न भरला जातो.

प्रत्यक्ष आकडेमोड

पुन्हा समजण्यासाठी घेतलेले आकडे. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचे काम नीट सुरू होण्यापूर्वीच्या चार यंत्रांचा एकूण आकार ४०० एकके आणि एकूण रिवर्क ५६ लाख रुपये होता, म्हणजे एककामागे १४,००० रुपये. नंतरच्या तीन यंत्रांचा आकार ३६० एकके आणि रिवर्क २७ लाख, म्हणजे एककामागे ७,५०० रुपये. फरक ६,५०० रुपये. ३६० एककांवर २३.४ लाख. दुसरीकडे, या कामाचा खर्च पूर्वी एककामागे ३,००० रुपये होता, कारण तो नकळत होतच होता, आणि आता ५,५०० रुपये आहे. वाढीव खर्च एककामागे २,५००, एकूण ९ लाख रुपये.

वरवर पाहता ९ लाख घालून २३.४ लाख वाचले. मात्र याच काळात लेसर कटिंगचा पुरवठादार बदलला होता आणि उत्पादनाच्या टप्प्यावर जन्मणाऱ्या चुका त्यामुळेही घटल्या. वहीतला "जन्म" रकाना इथे कामाला येतो: घटीतला एककामागे १,५०० रुपयांचा भाग उत्पादनजन्य चुकांचा आहे असे दिसले, तर तो वजा करावा. जुन्या यंत्रांच्या कागदांवर हा रकाना नसतो, म्हणून तिथे प्रत्येक मोठ्या खर्चाचा उगम त्या यंत्रावर काम केलेल्या माणसांना विचारून ठरवावा लागतो. उरले ५,००० रुपये, ३६० एककांवर १८ लाख. निव्वळ लाभ १८ वजा ९, म्हणजे ९ लाख. परतावा म्हणजे निव्वळ लाभ भागिले वाढीव खर्च: ९ भागिले ९, शंभर टक्के.

यात दोन ठिकाणी नेहमी गोंधळ होतो. वाचलेली रक्कम भागिले खर्च केले तर उत्तर दोनास एक येते आणि निव्वळ लाभाने काढले तर एकास एक. कोणते गणित केले हे लिहिल्याशिवाय आकडा सांगू नये. आणि भाजक म्हणून वाढीव खर्चच घ्यावा. एकूण खर्च घेतला, तर पूर्वीपासून होत असलेल्या कामाचा भार नव्या निर्णयावर पडतो.

मग या हिशेबाची परीक्षा घ्यावी, आणि ही पायरी कोणीही गाळू नये असे मला कळकळीने वाटते. जुन्या चार यंत्रांपैकी एकाच यंत्रावर, समजा १०० एककांच्या, २३ लाखांचे रिवर्क झाले होते. ते वगळले तर उरलेल्या ३०० एककांवर ३३ लाख, म्हणजे एककामागे ११,००० रुपये. आजच्या ७,५०० शी फरक ३,५०० वर येतो, पुरवठादाराचे १,५०० गेले की २,००० उरतात, आणि ३६० एककांवर ते ७.२ लाख होतात. खर्च ९ लाखच आहे. म्हणजे परतावा उणे वीस टक्के! एक यंत्र काढले आणि शंभर टक्क्यांचा लाभ तोट्यात गेला.

यावरून हिशेब खोटा ठरत नाही, पण त्याचा स्वभाव कळतो. या कामामुळे टळणारे नुकसान सर्व यंत्रांवर सारखे पसरलेले नसते. बहुतेक यंत्रे थोड्याफार रिवर्कने निभावतात आणि एखादेच यंत्र कारखान्याचे कंबरडे मोडते. त्या एका यंत्राचे २३ लाख कुठून आले हे वहीच्या पद्धतीने तपासावे. ते गरजेच्या किंवा इंटरफेसच्या चुकीतून आले असतील, तर त्याला अपवाद म्हणून वगळणे चुकीचे आहे, कारण तसले यंत्र पुन्हा होऊ नये यासाठीच तर हा खर्च केला. ते ग्राहकाने मध्येच जॉब बदलल्यामुळे किंवा पुरवठादार बुडाल्यामुळे आले असतील, तर वगळणेच योग्य. मालकांपुढे दोन्ही आकडे ठेवावेत, "उणे वीस ते शंभर टक्के, आणि फरक या एका यंत्राचा आहे" असे स्पष्ट सांगावे. तीन-चार यंत्रांच्या आधारावर याहून नेमके उत्तर कोणी देत असेल, तर त्याचा तक्ता तपासून पाहावा.

जगातील अभ्यास कसे वापरावेत

ऑनर यांनी २०१३ साली युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात पूर्ण केलेल्या संशोधनात मध्यम स्वरूपाच्या प्रकल्पांसाठी सिस्टिम्स इंजिनिअरिंगवरचा इष्टतम खर्च एकूण प्रकल्पखर्चाच्या सुमारे १४ टक्के आढळला. प्रकल्पाच्या स्वरूपानुसार तो साधारण ८ ते १९ टक्क्यांपर्यंत बदलतो. जवळजवळ शून्यावरून सुरुवात करणाऱ्यांना वाढीव खर्चावर सातास एकपर्यंत, तर मध्यम पातळीवर असणाऱ्यांना साडेतीनास एक असा परतावा त्यांनी काढला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने दोन व्यावसायिक संस्थांसह २०१२ साली १४८ प्रकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात हे काम चांगले करणाऱ्या प्रकल्पांपैकी ५७ टक्के प्रकल्पांची कामगिरी उच्च होती, कमी करणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते.

हे आकडे सादरीकरणाच्या पहिल्या पानावर टाकण्याचा मोह आवरावा. २०१२ च्या पाहणीतील प्रकल्प मुख्यतः अमेरिकन संरक्षण क्षेत्रातले आहेत, आणि चांगली संस्था बहुधा बाकीच्या गोष्टीही चांगल्याच करते, त्यामुळे सहसंबंधातले सगळे श्रेय एकाच कामाला देता येत नाही. ८० लाखांच्या एसपीएमवर १४ टक्के म्हणजे ११ लाखांहून अधिक होतात. पूर्वीच्याच सांगाड्यावर बेतलेल्या यंत्राला एवढ्याची गरज नसते. माझ्या दृष्टीने या अभ्यासांचे खरे मोल दोन निष्कर्षांत आहे. एक, खर्च वाढवत नेला की लाभ एका मर्यादेपर्यंतच वाढतो आणि पुढे घटतो. दोन, ऑनर यांना खर्च, वेळापत्रक आणि संबंधितांची स्वीकृती यांच्याशी स्पष्ट संबंध दिसला, परंतु तांत्रिक गुणवत्तेशी तो दिसला नाही. म्हणून मालकांना "यंत्र अधिक अचूक होईल" असे आश्वासन देऊ नये. यंत्र ठरल्या पैशात, ठरल्या तारखेला जाईल आणि ग्राहक ते पहिल्या खेपेस स्वीकारील, एवढेच आश्वासन द्यावे आणि तेच मोजावे.

मर्यादा ओलांडल्याची खूण चुकीच्या वहीतच दिसते. गरजांच्या कागदावरचे तास वाढत आहेत, पण गरजांच्या टप्प्यावर जन्मून पुढे सापडणाऱ्या चुका दोन-तीन यंत्रे झाली तरी घटत नाहीत, असे दिसले की तास तिथून काढून इंटरफेस किंवा जोडणीच्या चाचणीकडे वळवावेत.

लहान सुरुवात करायची असेल तर

ज्या कारखान्याला ही सगळी मांडणी एकदम झेपणार नाही, त्याने एकाच सवयीचा परतावा मोजावा. मराठवाड्यात त्यासाठी सर्वांत योग्य सवय म्हणजे ऑर्डर पक्की होताच केलेली साइटची पाहणी. इथले बोअरचे कडक, क्षारयुक्त पाणी पार्ट वॉशिंग यंत्राच्या नोझलमध्ये क्षार साठवते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलच्या आतले तापमान बाहेरच्या चाळिशीपार पाऱ्याहून बरेच वर जाते आणि ड्राइव्ह ट्रिप होतात. व्होल्टेज खाली-वर होते, वीज अचानक जाते आणि यंत्र अर्ध्या सायकलमध्ये थांबते. पाहणीत पाण्याचा कडकपणा, शेडमधले दुपारचे तापमान, दोन्ही पाळ्यांतला हवेचा दाब, व्होल्टेजची नोंद, अर्थिंग आणि यंत्र आत नेण्याच्या दाराची रुंदी, एवढे मोजून आणावे. पाहणीचा खर्च एका व्हाउचरवर मिळतो. वहीतून फक्त "साइटच्या परिस्थितीमुळे" या उगमाच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, आणि पाहणी केलेल्या व न केलेल्या यंत्रांत त्या नोंदींचा एककामागचा खर्च किती, एवढीच तुलना करावी. हा हिशेब एका पानात मावतो, आणि त्यातून मिळालेला विश्वास पुढच्या मोठ्या हिशेबाला उपयोगी पडतो.

अहवाल कधी द्यायचा, हेही आधीच ठरवावे. यंत्र डिस्पॅच झाले की लगेच काढलेला परतावा नेहमी फुगलेला असतो, कारण सर्वांत महाग चुका त्यानंतर सापडतात. एसपीएमची वॉरंटी बहुधा कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, यांपैकी जे आधी येईल तेवढी असते. तेव्हा स्वीकृतीच्या वेळचा हिशेब "तात्पुरता" अशा शेऱ्यासह द्यावा, जुन्या यंत्रांच्या बाजूलाही तितक्याच काळापर्यंतचे नुकसान धरावे, आणि त्या यंत्राचे पान वॉरंटी संपल्याच्या तारखेनंतरच, शेवटचे व्हाउचर जमा झाल्यावर, बंद करावे.